नारिंगी तार आणि डिचोलीचा इन्व्हर्टर

गेल्या जानेवारीत इंग्लंडात, स्विंडनमधल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावरचे रेडिएटर थंड पडले, तेव्हा तापवणीची वायरिंग मी पहिल्यांदा उघडून पाहिली. बॉयलर एकच, पण वरच्या आणि खालच्या खोल्यांकडे गरम पाणी सोडणारे मोटरचे झोन व्हॉल्व्ह दोन. थर्मोस्टॅटने मागणी केली की तपकिरी तारेतून मोटरला वीज मिळते. व्हॉल्व्ह पुरता उघडला की आतला मायक्रोस्विच करड्या तारेतली वीज नारिंगी तारेत सोडतो आणि मगच बॉयलर व पंप सुरू होतात. पाण्याला वाट मोकळी होण्याआधी बॉयलर पेटू नये, म्हणून हा क्रम.

वरचा थर्मोस्टॅट मी बंद केला आणि तपकिरी तारेत वीज नाही याची मीटरने खात्री केली. शेजारच्या नारिंगी तारेवर मात्र २३० व्होल्ट दिसले. दोन्ही व्हॉल्व्हच्या नारिंगी तारा जोडपेटीत एकत्र येतात, त्यामुळे खालचा व्हॉल्व्ह उघडा असेपर्यंत वरच्याही नारिंगी तारेत वीज राहते. करडीत तर ती कायमच असते. हात घालण्यापूर्वी बंद करायचा तो ३ अँपिअर फ्यूजचा स्विच, जिथून या सगळ्या नियंत्रणाला वीज मिळते. आमच्या पेटीत त्याचा उल्लेखही नव्हता. गॅसच्या कामाला इथे नोंदणीकृत माणूसच लागतो, पण एखाद्या तारेवर नाव लिहायचा आळस इंग्लंडातही भरपूर आहे.

पावसाळ्यात डिचोलीहून धाकट्या भावाचा फोन आला: "दादा, मेन बंद केला, तरी देवघरातला दिवा जळतोच आहे." जळणारच, मेन बंद होताच इन्व्हर्टर सुरू झाला होता आणि बोर्ड उघडून बसलेल्या वायरमनला ते कोणी सांगितले नव्हते. गोव्यात वीज गेली की आपण तावातावाने बोलतो ते वीज खाते सरकारी राहावे की खासगी व्हावे यावर, तारा जमिनीखालून न्याव्यात की नाही यावर. हे वाद रास्तच आहेत, परंतु मीटरच्या अलीकडे, आपल्याच भिंतीत, वीज दोन वाटांनी येते, याविषयी आपल्या घरांत चकार शब्द निघत नाही आणि ते मला फार खटकते. शिवाय ओळखीचा माणूस येऊन हाती लागेल त्या रंगाची वायर ओढून जातो. आपल्याकडे निळी तार तीन फेजांपैकी एका फेजची, म्हणजे वीज आणणारी असते, इथे ती न्यूट्रल, म्हणजे परतीची. दोन्ही चालते, पण जो तो आपल्या देशाचा संकेत पाळत असेल तरच.

भावाला मी एवढेच करायला लावले: इन्व्हर्टरकडून येणाऱ्या वाटेवर वेगळा आयसोलेटर, म्हणजे ती वाट पुरती तोडणारा स्विच, तोही मेनच्या शेजारी, आणि बोर्डाच्या दाराच्या आतून चिकटवलेला हाताने काढलेला नकाशा. आयसोलेटरवर त्याने मराठीत लिहिले आहे, "वीज इथूनही येते."