किंमत फक्त पणजोबांनीच मोजायची का?

रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण निघाली की आपण ख्रिस्ती माणसं एकच तारीख सांगतो. १० फेब्रुवारी १८९५, मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला तो दिवस. चित्पावन घर, कवी म्हणून नाव, आणि बायको-मुलगा दुरावलेले. लक्ष्मीबाईंना तर कुणी विचारलंही नव्हतं. नवऱ्याने पाऊल उचललं आणि लोकांची बोलणी, नातेवाइकांच्या आधाराने काढलेली वर्षं त्यांच्या वाट्याला आली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. शिष्याबरोबर त्याचं घरही भरडलं जातं, हे आपल्या उपदेशांत फारसं येत नाही. यायला हवं.

पण मला जास्त अस्वस्थ करते ती १९१७ सालची गोष्ट. टिळक तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. अहमदनगरला मान होता, मिशनचं काम होतं, पगार होता, कीर्तनं आणि अभंग गावोगाव पोचले होते. अशा वेळी त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले असोत वा नसोत, ख्रिस्तामागे जाऊ पाहणाऱ्या सगळ्यांसाठी. ९ मे १९१९ ला ते गेले. जेमतेम पावणेदोन वर्षं मिळाली! ‘निवृत्तीनंतर बघू’ म्हणाले असते तर?

आपल्यातले कितीतरी जण हेच म्हणतात. मुलीचं लग्न होऊ दे, फ्लॅटचे हप्ते फिटू देत, मग प्रभूची सेवा. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, येशूमागे जाऊ पाहणारा एक माणूस आहे. तोही काही वाईट मागत नव्हता. घरच्यांचा निरोप घेऊन येतो, एवढंच म्हणाला. जुन्या करारात अलीशाने आपल्या गुरूकडे, एलीया संदेष्ट्याकडे, हेच मागितलं होतं आणि त्याला मुभा मिळाली होती. येशूने मात्र नांगराला हात घालून मागे बघू नकोस म्हटलं. हे कठोर वाटतं, मलाही वाटतं. पण तो तेव्हा यरुशलेमच्या वाटेवर होता, वधस्तंभाकडे निघाला होता. ती वाट कुणासाठी थांबणार नव्हती.

आपण जन्माने ख्रिस्ती. पणजोबांनी विहिरीचं पाणी, जात, जमीन गमावली आणि आपण त्या भांडवलावर चर्चच्या मंडळीचे सभासद झालो. वर्गणी भरली, नाताळात कॅरल गायलो, झालं. व्यासपीठावरून आशीर्वाद, यश, व्हिसा यांच्या साक्षी ऐकतो. ऑफिसात खोटं बिल करायला नकार दिल्याने बढती गेली, अशी साक्ष शेवटची कधी ऐकली? दलित ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी सोयरीक जुळवताना ज्यांचे पाय अडखळतात, त्यांना आम्ही चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळात बसवतो. याची मला खरोखर लाज वाटते.

माझी पाळकांना कळकळीची विनंती आहे. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास पोरांनी मोठेपणी स्वतः पक्का करण्याच्या विधीच्या वर्गात त्यांच्याकडून विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, पाठ करून घ्याच, पण लूकचा चौदावा अध्यायही त्यांच्यासमोर उघडा. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणारा माणूस त्यांना दाखवा. आणि वेदीपुढे गुडघे टेकण्याआधी प्रत्येकाला विचारा, तू काय सोडणार आहेस, आणि कधी? एखादा मुलगा ‘अजून नाही’ म्हणाला, तर त्याला त्या रविवारी रांगेत उभं करू नका.