अंगठ्या मोजून क्वार्टरबॅक कळत नाही, पॉइंट मोजून सेंटर कळत नाही

अमेरिकन फुटबॉलचे बाद सामने सुरू झाले की एक मजकूर दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. त्याचं सार असं: "क्वार्टरबॅक मोजायचा अंगठ्यांनी. शंका असेल तर पासर रेटिंग बघायचं. दंडात ताकद नसेल तर बाकी सगळं फुकट. हॉकीचा सेंटर मोजायचा पॉइंटांनी आणि फेस-ऑफच्या टक्केवारीने. शेवटी सेंटर म्हणजे बर्फावरचा क्वार्टरबॅकच."

सुटसुटीत आहे, म्हणून पटतं. पण यातला एकही मुद्दा धड उभा राहत नाही. (क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमण चालवणारा, पास टाकणारा खेळाडू. हॉकी म्हणजे इथे बर्फावरची, चकतीने खेळायची; सेंटर हा तिच्यातला मधला आक्रमक, आणि फेस-ऑफ म्हणजे दोन सेंटरांमध्ये चकती टाकून खेळ सुरू करणं. ध्यानचंदांच्या सेंटर फॉरवर्डशी या सेंटरचं नावापुरतंच नातं आहे.)

आधी अंगठ्यांचं बघू. सुपर बोल म्हणजे अंतिम सामना जिंकणाऱ्या संघाला अंगठ्या मिळतात आणि टॉम ब्रेडीकडे सात आहेत, त्यामुळे वाद तिथेच मिटला असं समजलं जातं. आता त्याच ब्रेडीचे दोन सामने शेजारी ठेवा. फेब्रुवारी २००२ मध्ये रॅम्सविरुद्ध त्याने पासवर जेमतेम १४५ यार्ड काढले आणि पेट्रियट्स २०-१७ जिंकले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ईगल्सविरुद्ध त्याने ५०५ यार्ड काढले, तीन टचडाउन (चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे पोचवणारे पास) टाकले, एकही इंटरसेप्शन दिलं नाही, म्हणजे त्याचा एकही पास प्रतिस्पर्ध्याने पकडला नाही. संघाला एकदाही पंट करून चेंडू सोडावा लागला नाही. तरी निकाल ३३-४१ असा विरोधात गेला. अंगठीच्या हिशेबात पहिला सामना एक आणि दुसरा शून्य.

कारण साधं आहे. फुटबॉलमध्ये एका संघाचे तीन वेगवेगळे ताफे असतात: आक्रमण, बचाव आणि किकसाठीचा. क्वार्टरबॅक त्यातल्या एकातच असतो. २००२ मध्ये पेट्रियट्सच्या बचाव फळीतल्या टाय लॉने रॅम्सचा पास पकडून ४७ यार्ड पळत टचडाउन केलं आणि शेवटच्या क्षणी अ‍ॅडम व्हिनाटिएरीने ४८ यार्डांवरून किक मारली. दोन्ही वेळा ब्रेडी कडेला उभा होता. २०१८ मध्ये त्याच्या बचाव फळीने ४१ गुण दिले, तेव्हाही तो कडेलाच होता. न्याय करायचाच असेल तर २००२ च्या त्या किकआधीचं आक्रमण बघावं: दीड मिनिटाहूनही कमी वेळ, हातात एकही टाइमआउट नाही, आणि लहान लहान पास टाकत ब्रेडीने संघाला किकच्या टप्प्यात आणलं. ते त्याचं काम होतं. २०१८ च्या शेवटी बॉल हातातून निसटला, तेही त्याच्याच खात्यात जायला हवं. अंगठी यातलं काहीच सांगत नाही.

अजून ढळढळीत उदाहरण पेटन मॅनिंगचं. २०१३ च्या हंगामात ५५ टचडाउन आणि ५,४७७ यार्ड, दोन्ही विक्रम. सुपर बोलमध्ये मात्र सीहॉक्सकडून ४३-८ असा दणका. २०१५ च्या हंगामात ९ टचडाउन, १७ इंटरसेप्शन, मधल्या काळात बाकावरही बसला, आणि शेवटी अंगठी. त्या अंतिम सामन्यात त्याचे पासचे यार्ड १४१ आणि टचडाउन शून्य. सामनावीर झाला बचाव फळीतला व्हॉन मिलर. अंगठीवाल्यांच्या तर्काने मॅनिंग २०१३ पेक्षा २०१५ मध्ये सरस ठरतो. हे म्हणायची हिंमत असेल तर खुशाल म्हणा.

ट्रेंट डिल्फरचं नाव या वादात नेहमी येतं, तेही योग्यच. तो क्वार्टरबॅक असलेल्या २००० च्या रेव्हन्सनी १६ सामन्यांत फक्त १६५ गुण दिले. अंतिम सामन्यात जायंट्सचं एकमेव टचडाउन किक परतवताना झालं. त्यांच्या आक्रमणाला एकही गुण मिळाला नाही. डिल्फर जिंकला आणि पुढच्या हंगामाआधीच संघाने त्याला सोडून दुसरा क्वार्टरबॅक आणला. म्हणजे खुद्द विजेत्या संघाचाही अंगठीवर भरवसा नव्हता. उलट बाजूला डॅन मरिनो: १९८४ मध्ये ५,०८४ यार्ड, ४८ टचडाउन, आणि आयुष्यभरात अंगठी एकही नाही. राहुल द्रविडने खेळाडू म्हणून विश्वचषक जिंकला नाही, म्हणून त्याच्या बचावात्मक तंत्राला आपण कधी नावं ठेवली नाहीत.

"शंका असेल तर पासर रेटिंग." इथे लोक दशांश चिन्ह बघून दबतात, म्हणून सूत्र उघडूनच दाखवतो. १९७३ पासून वापरात असलेल्या या आकड्यात चारच गोष्टी मोजल्या जातात: पूर्ण झालेल्या पासांचं प्रमाण, प्रति पास यार्ड, टचडाउनचं प्रमाण आणि इंटरसेप्शनचं प्रमाण. प्रत्येक भाग ० ते २.३७५ मध्येच ठेवायचा, चारांची बेरीज सहाने भागायची, शंभराने गुणायचं. म्हणूनच कमाल मर्यादा १५८.३ असा विचित्र आकडा येतो.

समजा एकाने ३० पास टाकले, २० पूर्ण झाले, २४० यार्ड, २ टचडाउन, १ इंटरसेप्शन. पहिला भाग: ०.६६७ मधून ०.३ वजा, गुणिले ५, म्हणजे १.८३३. दुसरा: प्रति पास ८ यार्ड, त्यातून ३ वजा, भागिले ४, म्हणजे १.२५०. तिसरा: २ भागिले ३०, गुणिले २०, म्हणजे १.३३३. चौथा: २.३७५ मधून १ भागिले ३० ची २५ पट वजा, म्हणजे १.५४२. बेरीज ५.९५८, रेटिंग ९९.३. छान.

आता हाच गडी त्याच सामन्यात पाच वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच पाडला गेला, आणि संघाचे ३८ यार्ड गेले असं धरा. रेटिंग किती? ९९.३ च. सॅक त्या सूत्रात नाहीच. पण पाच सॅक आणि ते ३८ यार्ड धरून हिशेब केला तर २०२ यार्ड भागिले ३५, म्हणजे प्रति प्रयत्न ५.८ यार्ड. कागदावरचे ८ कुठे आणि हे कुठे.

खरी गंमत पुढे आहे. त्याने शहाणपणा करून त्या पाचही वेळा दबाव आला तसा चेंडू बाहेर फेकून दिला असता (नियमात बसेल असा, नाहीतर दंड होतो), तर ३८ यार्ड वाचले असते. मग पास ३५, पूर्ण २०, आणि रेटिंग घसरून ८५.४. संघाच्या फायद्याचा निर्णय घेतला म्हणून चौदा गुणांची शिक्षा. धावून काढलेले यार्ड मोजत नाहीत, हातातून सुटलेला चेंडू मोजत नाही. रिसिव्हरच्या, म्हणजे पास घेणाऱ्याच्या, हाताला लागून उडालेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने पकडला तर ते इंटरसेप्शन मात्र क्वार्टरबॅकच्याच माथी. आणि खेळ सुरू होण्याच्या रेषेमागे दोन यार्डांवर टाकलेला आखूड स्क्रीन पास घेऊन रिसिव्हर रेषेच्या साठ यार्ड पुढे पळाला, तर ते साठही क्वार्टरबॅकचेच. रेटिंग बघू नका असं नाही. सॅक किती आणि किती यार्ड गेले हे शेजारी ठेवल्याशिवाय बघू नका.

दंडाच्या ताकदीवर फार वेळ घालवायची गरज नाही. २००७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या जमार्कस रसेलचा हात तोफेसारखा होता; तीन हंगामांत त्याची कारकीर्द संपली. ब्रेडी २००० मध्ये १९९वा निवडला गेला. ताकद लागते, पण एका मर्यादेपर्यंत. त्यानंतर लागते ती नजर आणि पायांची वेळ. स्नॅप म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देऊन खेळ सुरू करणं. दोन स्नॅपमधल्या घड्याळावर ४० सेकंद असतात आणि हेल्मेटमधला प्रशिक्षकाचा आवाज १५ सेकंद उरले की बंद होतो. तिथून पुढे क्वार्टरबॅक एकटा. मागे सेफ्टी (बचावातला सर्वात मागचा खेळाडू) एक आहे की दोन, एका रिसिव्हरला आडवं चालवलं तर बचावपटू त्याच्यामागे धावतो की जागेवरच राहतो (धावला तर बहुधा माणूस-माणूस पहारा, थांबला तर झोन, म्हणजे जागेचा पहारा), दाब कुठून येणार, हे सगळं त्या पंधरा सेकंदांत. स्नॅपनंतर तीन पावलं मागे, तिसरं पाऊल टेकलं की चेंडू सुटायला हवा, कारण तिरका धावणारा रिसिव्हर त्याच क्षणी वळलेला असतो. अर्धा सेकंद उशीर झाला तर तोफेसारखा हातही बचावपटूच्याच पोटात चेंडू घालतो.

आता बर्फावर. "सेंटर मोजायचा पॉइंटांनी." पॉइंट म्हणजे गोल अधिक असिस्ट. एका गोलला दोन असिस्टपर्यंत मिळतात आणि तिन्हींची किंमत सारखीच, एक. निर्णायक पास देणाऱ्याला एक, त्याआधी सहज चकती सरकवणाऱ्यालाही एक. त्यात समोरचा गडी दंड भोगत असताना पाचविरुद्ध चार खेळून मिळवलेले पॉइंटही मिसळलेले.

पण मूळ दोष वेगळा आहे: सेंटरचं निम्मं काम चकती जवळ नसताना असतं. प्रतिस्पर्ध्याने चकती आपल्या गोलमागे नेली की एक डिफेन्समन तिच्यामागे जातो, दुसरा गोलसमोर थांबतो आणि तिसरा माणूस सेंटरच असतो. कडेने खेळणारे विंगर वर, आपल्या टोकाच्या हद्दीवरच्या निळ्या रेषेजवळ, तिथल्या नेमबाजांवर लक्ष ठेवून. सेंटरने खाली राहून काठी पासच्या वाटेत ठेवायची आणि गोलसमोरची मोकळी जागा बंद करायची. चकती आपल्याला मिळणारच अशा आशेने तो तीन पावलं आधी वर निघाला, तर दोन शक्यता. चकती मिळाली तर तो मोकळा धावतो आणि पॉइंट कमावतो. नाही मिळाली तर त्याने सोडलेल्या जागेतून गोल होतो, आणि पॉइंटांच्या तक्त्यात त्याची नोंदही नाही. म्हणजे नुसते पॉइंट मोजले की जागा सोडून पळणाऱ्यालाच बक्षीस मिळतं.

स्टीव्ह आयझरमनचा प्रवास यासाठीच बघण्यासारखा आहे. १९८८-८९ मध्ये १५५ पॉइंट, आणि त्याचा संघ रेड विंग्ज पहिल्याच फेरीत बाद. पुढे स्कॉटी बोमन प्रशिक्षक आले, आयझरमन दोन्ही टोकांना खेळू लागला, पॉइंट निम्म्यावर आले. १९९७-९८ मध्ये ६९ पॉइंट, विजेतेपदाचा स्टॅनली कप आणि प्लेऑफचा (बाद सामन्यांचा) सर्वोत्तम खेळाडू. सन २००० मध्ये बचावात उत्तम फॉरवर्डला मिळणारी सेल्की ट्रॉफीही. वेन ग्रेट्झकीने १९८५-८६ मध्ये २१५ पॉइंट केले, त्यातले १६३ असिस्ट. त्या वर्षी त्याचे ऑइलर्स कॅल्गरीकडून सातव्या सामन्यात हरले, निर्णायक गोल त्यांच्याच डिफेन्समनचा पास स्वतःच्या गोलरक्षकाच्या पायाला लागून झाला. यात ग्रेट्झकीचं काय चुकलं? काहीच नाही. कप मोजणंही पॉइंट मोजण्याइतकंच भाबडं, म्हणून अंगठीचा तर्क इथेही आणू नये. कॉनर मॅकडेव्हिडने २०२४ च्या प्लेऑफमध्ये ४२ पॉइंट केले, हरलेल्या संघात असूनही सर्वोत्तम ठरला, आणि ते रास्तच होतं. पण अंतिम मालिकेच्या सहाव्या-सातव्या सामन्यात त्याला एकही पॉइंट मिळाला नाही. समोर अलेक्झांडर बार्कोव्हचा फ्लोरिडा संघ होता, आणि त्याच वर्षीची सेल्की बार्कोव्हकडे गेली होती.

फेस-ऑफची टक्केवारी हा त्यातल्या त्यात बरा मुद्दा, पण अर्धवट समजलेला. ५० ऐवजी ५५ टक्के म्हणजे रात्री वीस फेस-ऑफ घेणाऱ्याला एक जास्त. तो एक कुठला, यावर सगळं आहे. मध्यबिंदू सोडला तर फेस-ऑफच्या बाकी आठही ठिपक्यांवर बचाव करणाऱ्या संघाच्या सेंटरला काठी आधी टेकवावी लागते. मध्यावर पाहुण्या संघाच्या. नंतर टेकवणाऱ्याला समोरच्याची पकड दिसते: खालचा हात उलटा केलाय म्हणजे बॅकहँडने मागे ओढणार, सरळ आहे म्हणजे पुढे ढकलणार किंवा काठीला काठी अडकवून पायाने चकती मागे सारणार. त्यामुळे जो सेंटर मुद्दाम आपल्याच टोकाला उतरवला जातो, तो बहुतेक वेळा आधी काठी टेकवूनच खेळतो. त्याचे ५१ टक्के आणि आक्रमक टोकाला उतरणाऱ्याचे ५५ टक्के यांची तुलना करणं म्हणजे हिरव्या खेळपट्टीवरची सरासरी पाटा खेळपट्टीवरच्या सरासरीशी लावणं. त्यात आयसिंग झालं असेल (म्हणजे आपल्या अर्ध्यातून चकती थेट पार समोरच्या टोकाला मारली असेल) तर दमलेले पाच जण बदलता येत नाहीत आणि बाजूही समोरचा संघ निवडतो, म्हणजे तो आपल्या सेंटरच्या सोयीची निवडतो. शिवाय नोंदीत "जिंकलेला" फेस-ऑफ अनेकदा विंगरने धडपडून मिळवलेला असतो.

राहिलं "बर्फावरचा क्वार्टरबॅक". क्वार्टरबॅक आपल्या आक्रमणाच्या जवळपास प्रत्येक स्नॅपला चेंडू हाताळतो. अव्वल सेंटर साठातली वीस-बावीस मिनिटं बर्फावर असतो, तीही पाऊण-पाऊण मिनिटाच्या पाळ्यांत, आणि चकती त्यातला फार थोडा वेळ त्याच्याकडे. शिवाय हॉकीत "पॉवर-प्लेचा (म्हणजे पाचविरुद्ध चारचा) क्वार्टरबॅक" हा शब्द खरोखरच वापरतात, पण बहुधा सेंटरसाठी नाही. निळ्या रेषेवर उभं राहून चकती डावी-उजवीकडे वाटणाऱ्या डिफेन्समनला तसं म्हणतात: काल निकलस लिडस्ट्रॉम, आज केल मकार.

आणि क्वार्टरबॅकचा खरा सेंटर फुटबॉलमध्येच आहे, ज्याच्याबद्दल तो फिरणारा मजकूर चकार शब्द काढत नाही. पायांमधून चेंडू मागे देणारा, कोण कोणाला अडवणार हे ओरडून ठरवणारा. २ फेब्रुवारी २०१४, न्यू जर्सीतलं ईस्ट रदरफर्ड, ब्रॉन्कोज-सीहॉक्स सुपर बोलचा पहिलाच स्नॅप. गोंगाटात काही ऐकू जाईना, मॅनिंग इशारा बदलायला पुढे चालत आला, सेंटरला वाटलं हाक आली, त्याने चेंडू सोडला. चेंडू मॅनिंगच्या डोक्याशेजारून थेट आपल्याच गोलरेषेमागच्या एंड झोनमध्ये. सेफ्टी (इथे खेळाडू नव्हे, प्रतिस्पर्ध्याला मिळणारे दोन गुण), सीहॉक्स २-०, घड्याळात १२ सेकंद झालेले. हंगामात ५५ टचडाउन टाकलेल्या क्वार्टरबॅकचा तोवर चेंडूला हातही लागला नव्हता.