शिक्षक नसलेल्या विभागात ‘स्वयम’ : एका प्रतिक्रियेस उत्तर

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयाच्या ज्या विभागात शिक्षक नाहीत, तेथे केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर काम भागवले जाते, यावर मी लेखात आक्षेप घेतला होता. त्यावरील आपली प्रतिक्रिया वाचली.

हिंगोलीच्या विद्यार्थ्याला आयआयटीतील प्राध्यापकाचे व्याख्यान फुकट ऐकता येत असताना त्याने तासिका तत्त्वावरील (घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळणाऱ्या) अध्यापकाची वाट का पाहावी, आणि माझा लेख म्हणजे खडू-फळ्याविषयीचा हळवेपणा नव्हे काय, असे आपण विचारले आहे.

तंत्रज्ञानाने मराठवाड्याला बरेच दिले, याविषयी आपल्यात वाद नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली आणि त्या प्रती ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जमू लागल्या. एरवी एखादा प्रबंध चाळण्यासाठी ज्याला नांदेडहून पुण्याची किंवा हैदराबादची गाडी धरावी लागली असती, तो संशोधक आज वसतिगृहाच्या खोलीत बसून तो वाचतो. (शिष्यवृत्तीच्या ‘महाडीबीटी’ या सरकारी संकेतस्थळाविषयी मात्र मला एवढा उत्साह नाही, तेथे महाविद्यालयातील खिडकीपुढची रांग ई-सेवा केंद्रापुढे सरकली, एवढेच.)

माझा आक्षेप व्याख्यानावर नसून त्याच्या आडून जे घडते त्यावर आहे. आयोगाने २०१६ मध्ये सत्रातील २० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून पूर्ण करण्याची मुभा दिली आणि २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. ही मुभा कोणत्या परिस्थितीत घ्यावी हे सांगताना २०१६ च्या नियमांनी विभागात योग्य अध्यापक उपलब्ध नसणे हेही एक कारण मान्य केले होते. परिणामी जेथे जागा भरलेल्या आहेत तेथे हा अभ्यासक्रम वरची भर ठरतो, आणि जेथे त्या वर्षानुवर्षे रिक्त आहेत तेथे तोच अध्यापकाच्या खुर्चीवर बसतो. मराठवाड्यातील महाविद्यालये बहुधा कोणत्या बाजूला पडतील, हे आपण जाणताच.

आता आपल्या हिंगोलीच्या विद्यार्थ्याकडे पाहू. तो मराठी माध्यमातून आलेला आहे आणि बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. शंका विचारण्यासाठी चर्चापटल असते. पण तेथे शंका इंग्रजीत मांडावी लागते आणि ती मांडण्यापुरता विषय आधी समजलेला असावा लागतो. ज्याला नेमके काय कळले नाही हेच सांगता येत नाही, त्याला वर्गात अध्यापक चेहऱ्यावरून ओळखतो आणि तोच मुद्दा दुसऱ्या उदाहरणाने, मराठीत, पुन्हा सांगतो. ध्वनिचित्रफीत कितीही वेळा मागे नेली तरी ती तेच वाक्य त्याच शब्दांत ऐकवते. स्वाध्यायांची तयार उत्तरे व्हॉट्सॲपवर फिरतात, हे तर आपणही पाहिले असेल.

‘मग मागे जायचे काय?’ असा आपला शेवटचा प्रश्न आहे. मुळीच नाही. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यासाठी संस्थेने स्वतःचा एक अध्यापक समन्वयक म्हणून नेमावा, असे २०१६ च्या त्याच नियमांत म्हटले होते. ज्या विभागात अध्यापकच नाही, तेथे हे काम फक्त घेतलेल्या तासांचे मानधन मिळणाऱ्याच्या गळ्यात पडते. आधी ती जागा पूर्णवेळ भरा. त्यानंतर ४० टक्क्यांना माझी हरकत राहणार नाही.