जुन्या कॉम्प्युटरमधलं सोनं: त्या मेसेजचा जरा हिशोब करू

तो मेसेज परत फिरायला लागलाय. म्हणणं असं की प्रत्येक जुन्या कॉम्प्युटरमध्ये ग्रॅमभर तरी सोनं असतं, भंगारवाला तो डबा दोन-तीनशेत उचलून तुम्हाला उल्लू बनवतो, त्यापेक्षा घरीच फोडा, तेजापात (ॲसिडमध्ये) टाकून सोनं काढा, बाकीचं सुटं करून विका आणि हार्ड डिस्क फॉर्मॅट मारून देऊन टाका. सोबत व्हिडिओ, त्यात काचेच्या भांड्यातून पिवळाधमक खडा निघतो. आमच्या सोसायटीत एक काका तर रविवारी सगळ्यांचे पीसी गोळा करायला निघालेत, म्हणून लिहितोय.

आधी ते ग्रॅमभर सोनं. सोनं असतं, त्यात वाद नाही. रॅमच्या आणि कार्डांच्या पिवळ्या पट्ट्यांवर, प्रोसेसरच्या पिनांवर, कनेक्टरमध्ये. पण असतं म्हणजे किती? डीडीआर३ (रॅमची एक जुनी पिढी) ची डेस्कटॉपवाली एक रॅम घ्या. दोन्ही बाजू धरून २४० पट्ट्या, एक पट्टी साधारण अडीच चौरस मिलिमीटरची, सगळ्या मिळून झाले ६ चौरस सेंटिमीटर. मुलामा चांगल्यातला धरला तरी पाऊण मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. सोन्याची घनता १९.३ ने गुणा, उत्तर येतं ९ मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. म्हणजे एक ग्रॅमला शंभराच्या वर रॅम लागणार, आणि तेसुद्धा कणही वाया न जाता सगळं निघालं तर, शिवाय बरेच कंपनीवाले मुलामा याहून पातळ देतात ते वेगळंच.

व्हिडिओतला माणूस बहुतेक वेळा १९९५ च्या पेंटियम प्रोसारखा सिरॅमिकचा प्रोसेसर घेऊन बसलेला असतो. त्यात खरंच बऱ्यापैकी सोनं आहे, पण तो तुमच्या माळ्यावर नाहीये हो! माळ्यावर आहे तो २००८-१० चा ऑफिसातून आलेला डबा. इंटेलने २००४ पासून डेस्कटॉप प्रोसेसरच्या पिनाच काढून मदरबोर्डच्या सॉकेटात नेल्या, आणि चिपच्या आतल्या केसासारख्या सोन्याच्या तारांच्या जागीही हळूहळू तांबं आलं. टोकियो ऑलिंपिकचं उदाहरण पण सगळे देतात, की पदकं जुन्या फोन-कॉम्प्युटरमधून बनवली. बरोबर आहे, पण आकडा सांगत नाहीत. ७८,९८५ टन माल गोळा केला, सोबत ६२ लाख मोबाईल, आणि पदकांना सोनं निघालं ३२ किलो. टनाला अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. त्यात घरातली बाकीची छोटी उपकरणं पण होती हे मान्य, म्हणून पीसीला तोच दर लावू नका, पण सोन्याचा डोंगर वगैरे कल्पना तरी डोक्यातून जाईल.

आता तेजाप. नुसत्या नायट्रिक ॲसिडमध्ये सोनं विरघळत नाही, खालचं तांबं-निकेल विरघळतं आणि सोन्याचा पापुद्रा सुटतो, पुढे ते विरघळवायला नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक एकत्र करावं लागतं. या प्रकारात तांबूस धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. त्याचा दगा असा की माणूस खोकतो, बरं वाटतं, घरी जाऊन जेवतो, आणि काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. बाल्कनीत बसून करायचं हे काम नाही, एक्झॉस्ट फॅन लावला तरी नाही. आणि उरलेलं हिरवंनिळं पाणी कुठे ओतणार, संडासात? त्यात तांबं आहे, आणि २००६ च्या आधीच्या बोर्डांच्या सोल्डरमध्ये (पार्ट जोडायच्या डाखात) सर्रास शिसं असायचं. उत्तर प्रदेशात मुरादाबादला रामगंगेच्या काठावर वर्षानुवर्षं बोर्ड जाळून धुतले गेले, नदीकाठी काळ्या राखेचे ढीग लागले. तिथे कोण श्रीमंत झालं ते बघा, राख धुणारी माणसं तर नक्कीच नाही. गंमत म्हणजे घरगुती पद्धतीत बोर्डातलं तांबं, चांदी, पॅलेडियम सगळं गटारात जातं. बेल्जियममध्ये होबोकेनला उमिकोर कंपनीची भट्टी आहे, ती अशाच मालातून सतराएक धातू काढते, तेव्हा कुठे तो धंदा परवडतो.

भंगारवाला लुटतो, या मुद्द्यात थोडं तथ्य आहे पण सोन्यापायी नाही. तुम्ही अख्खा डबा काट्यावर ठेवता, तो लोखंडाच्या भावाने घेतो, आणि आतली चालू रॅम, प्रोसेसर, हार्ड डिस्क बाजूला काढून चालू माल म्हणून पुढे विकतो, त्याची खरी कमाई तिथे आहे. ८ जीबीची चालू डीडीआर४ रॅम सेकंडहँडमध्ये हजाराच्या वर सहज जाते, २०२५ च्या शेवटी तर रॅमचे भाव भडकलेच होते. तीच रॅम तेजापात घातली तर? सोनं तोळ्याला (१० ग्रॅमला) लाख धरलं तर नव्वदेक रुपये, त्यातून ॲसिडचा खर्च वजा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चालू पार्ट दाखवून आधी भाव विचारा, जे कुणी घेणारच नाही ते भंगार.

सुटं करून विका हे अर्धंच खरं. पत्र्याचा डबा वेगळा, प्रोसेसर थंड ठेवणारा ॲल्युमिनियमचा हीटसिंक वेगळा (लोखंडी क्लिप-स्क्रू काढून, नाहीतर भंगारवाला वजनात घट कापतो), वायरी वेगळ्या, हिरवे बोर्ड वेगळे, एवढं घरी होतं आणि भावात फरकही पडतो. वायरी जाळून तांबं काढू नका, धूर विषारी. मदरबोर्डवरच्या चिपा उपटत बसू नका आणि रॅमच्या पिवळ्या पट्ट्या कात्रीने कापू नका, उरलेल्या मालाची ग्रेड पडते. पॉवर सप्लाय न उघडताच द्या, आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो, आणि आतला ब्राउन बोर्ड तसाही फुटकळ भावाचा. जुना काचेचा मॉनिटर तर फोडायचाच नाही, काचेत शिसं आहे. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी या मालात टाकलीत तर गोदाम पेटेल, ती वेगळी, टोकांना चिकटपट्टी लावून.

आणि काका, स्वतःचा डबा उघडणं वेगळं, लोकांचे गोळा करून फोडणं हा धंदा झाला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदणी लागते. गोळा केलेच तर नोंदणी असलेल्या रीसायकलरला बोलवा, पावती घ्या.

राहिला फॉर्मॅट. क्विक फॉर्मॅटने फक्त यादी पुसली जाते, फाइली जागेवरच असतात, फुकटच्या सॉफ्टवेअरने परत निघतात. पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं, सगळं. डिस्क चालू असेल तर पूर्ण ओव्हरराइट करा, म्हणजे जुन्या डेटावर सगळीकडे नवा डेटा लिहा, एसएसडी असेल तर कंपनीच्या टूलने सिक्युअर इरेज. बंद पडलेली असेल तर ड्रिलने तबकड्यांतून आरपार भोकं पाडा, मात्र लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बऱ्याचदा काचेची असते आणि फुटून उडते, त्यामुळे गॉगल घालूनच.