चुकीच्या सचिनला गेलेली पगाराची शीट

शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसात. बीकेसीतल्या काचेच्या इमारतीत तुमच्या मजल्यावरचे अर्धे दिवे मालवलेत, कुर्ल्याच्या शेअर रिक्षाची रांग डोळ्यांसमोर लांबत चाललीय, आणि ३१२ जणांच्या पगाराची शीट अकाउंट्समधल्या सचिनला पाठवायची तेवढी राहिलीय. पत्त्याच्या चौकटीत तुम्ही नावाची पहिली तीन अक्षरं टाकता, खाली एक सचिन येतो, तुम्ही एन्टर मारता. मेल जातो. जातो तो ऑफिसला खुर्च्या पुरवणाऱ्या सचिनकडे.

मनःपूर्वक अभिनंदन! चूक काय, कुणाच्याही हातून होते. तिला सोमवारपर्यंत सांभाळणं, खाऊपिऊ घालून धष्टपुष्ट करणं, ही कला मात्र शिकावी लागते.

पूर्वतयारी चांगली असेल तर निम्मं काम होतं. तुम्ही आजवर ज्यांना मेल केले त्यांचे पत्ते आउटलुक लक्षात ठेवतं आणि दोन-तीन अक्षरांतच पुढे करतं. यादीतल्या पत्त्यासमोर एक बारीक फुली असते. ती दाबली की खुर्चीवाला सचिन त्या यादीतून जातो. तर ती दाबू नका. 'सेंड' म्हटल्यावर मेल दोन मिनिटं रोखून धरायचा, असा नियमही आउटलुकमध्ये लावता येतो, हवं तर १२० मिनिटांपर्यंत. तोही लावू नका. जीमेलमध्ये 'अनडू'ची मुदत सुरुवातीला ५ सेकंदांची असते, सेटिंगमध्ये जाऊन ती ३० करता येते. असले उद्योग रिकामटेकड्यांचे. कारण गंमत अशी, की चुकीचा पत्ता बहुतेक वेळा मेल गेल्या गेल्या, पुढच्या श्वासालाच दिसतो. ३० सेकंद हाताशी असतील तर चिंता करणार कधी?

फाईलकडेही लक्ष द्या. अकाउंट्सला हवे असतात तीन कॉलम: नाव, एम्प्लॉयी कोड, हातात पडणारा पगार. तुमच्या शीटमध्ये पॅन, बँक खातं, आयएफएससी, कर्जाचा हप्ता आणि कुणाच्या पगारातून कोर्टाच्या आदेशाने किती कापायचं तेही आहे. हे जादा कॉलम लपवा, काढू मात्र नका. राइट-क्लिक, 'हाइड', की दिसेनासे. घेणारा आजूबाजूचे कॉलम निवडून राइट-क्लिक, 'अनहाइड' करेल तेव्हा त्यालाही शोधाचा आनंद मिळू दे. फिल्टर लावलेल्या ओळींचंही तेच, न दिसणाऱ्या ओळी फाईलमध्ये बसून प्रवास करतातच. काही नीरस लोक नवी कोरी फाईल उघडतात आणि हवे तेवढेच तीन कॉलम 'पेस्ट व्हॅल्यूज' करतात. काही जण पाठवण्याआधी 'फाईल', 'इन्फो' आणि मग 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'ला जातात, जिथे लपलेल्या ओळी, कॉलम आणि शीट यांचा पाढा वाचून मिळतो. तिकडे फिरकूच नका.

साहेबांना नुसती विभागवार बेरीज दाखवायची असेल तर पिव्हट टेबल करा आणि मूळ शीट डिलीट करून निर्धास्त व्हा. पिव्हट मूळ डेटाची एक प्रत आपल्या पोटात ठेवून असतो. खालच्या एकूण बेरजेवर डबल-क्लिक केलं, की ३१२ च्या ३१२ जण नव्या शीटवर हजेरी लावतात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं वाटून खट्टू होऊ नका. ८ ऑगस्ट २०२३ रोजी उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर म्हणून एक एक्सेल फाईल दिली आणि ती इंटरनेटवर चढली. तिच्यात एक लपलेली शीट होती. त्या शीटवर सुमारे साडेनऊ हजार पोलीस आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणं होती. फाईल काही तासांतच उतरवली, पण जिथे पोलिसात असल्याचं लोक शेजाऱ्यालाही सांगत नाहीत तिथे काही तास पुष्कळ झाले. २०२४ मध्ये त्या दलाला ७,५०,००० पौंड दंड झाला. त्याआधी, २०१५ मध्ये, लंडनच्या एका लैंगिक आरोग्य दवाखान्याने आपलं वार्तापत्र ७८१ जणांना पाठवलं. पत्ते 'बीसीसी'त टाकायचे ते 'टू'मध्ये टाकले. वाचकांत एचआयव्हीबाधित रुग्ण होते, आणि प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसले. दंड १,८०,००० पौंड. बीसीसी आणि टू यांच्यात पडद्यावर फार तर बोटभर अंतर असतं.

पासवर्डबद्दल थोडं. 'प्रोटेक्ट शीट' लावून समाधान माना. त्याने फक्त कुणी आकडे बदलू शकत नाही, वाचायला सगळं मोकळं राहतं. फाईल खरोखर कुलूपबंद करणारा पर्याय 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' नावाने दोन पायऱ्या आत दडलेला आहे, त्याला उगाच त्रास देऊ नका. दिलाच, तर पासवर्ड त्याच मेलखाली लिहा, किंवा शिस्तप्रिय असाल तर वेगळ्या मेलने पाठवा. आउटलुक इमानदार आहे, दुसरा मेलही त्याच सचिनकडे नेऊन पोचवेल. फोन करून पासवर्ड सांगायचा मोह मात्र टाळा. अकाउंट्समधला सचिन म्हणेल, "कसला पासवर्ड? मला काही आलंच नाही अजून," आणि सगळा डाव सुरू होण्याआधीच उधळेल.

असो. मेल गेलाय. आता हात थरथरत असतानाच 'रिकॉल' दाबा. रिकॉल चालतं ते आपल्याच कंपनीच्या मेलबॉक्सपुरतं. बाहेरच्या पत्त्यावरून मेल परत येत नाही. उलट पुष्कळदा तिकडे आणखी एक मेल जातो, की अमुक यांना 'पगार, फायनल' हा मेल मागे घ्यायचा आहे. जो माणूस 'पगार, फायनल' न उघडता घरी निघाला होता, तो आता खुर्ची ओढून बसतो.

मग 'सेंट'मधून मेल डिलीट करा, 'डिलीटेड'मधूनही उडवा. सचिनकडे गेलेली प्रत त्याने जागची हलत नाही, आणि सर्व्हरवर मेल कधी, कुठून, कुणाला गेला याची नोंद असतेच. एवढं होतं, की नेमकी कोणती फाईल आणि तिचे कोणते कॉलम गेले, हे सांगणारी तुमच्या हातातली सोपी प्रत नाहीशी होते, आणि इतका वेळ जिला सगळे चूक म्हणाले असते तिला आता लपवालपवी म्हणता येतं. एका क्लिकमध्ये एवढी बढती क्वचितच मिळते.

आता निघा. गाडीत चौथी सीट मिळाली तर उत्तमच, अर्धं अंग हवेत असताना हिशेब चांगला होतो. मोबाइलवर शोधा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, आणि घटना न कळवल्याबद्दल २०० कोटींपर्यंत. तुमचा पगार ४० हजार असेल तर २५० कोटी फिटायला ५,२०८ वर्षं लागतात, तीही महिनाभर काहीही न खाता. इथे थांबा, पुढे वाचू नका. पुढे असं आहे, की हा दंड कंपनीवर बसतो, मेल पाठवणाऱ्या कारकुनावर नाही. दंड ठरवताना डेटा संरक्षण मंडळाने काय काय बघायचं त्या यादीत नुकसान कमी करायला काही केलं का, आणि ते वेळेवर केलं का, हेही आहे. चुकून झालेला खुलासासुद्धा कायद्याच्या व्याख्येत बसतो, म्हणजे तुम्ही काही जगावेगळं केलेलं नाही, संसदेला तुमची कल्पना होती. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. पण एवढी माहिती झाली तर झोप लागायची.

समोरचा प्रवासी फोनवर आपला आधार क्रमांक चार-चार आकड्यांच्या हप्त्यांनी अख्ख्या डब्याला ऐकवत असेल. उतरल्यावर भेळ घ्याल तर ती कुणाच्या तरी कर्जाच्या अर्जाच्या प्रिंटआउटमध्ये बांधून मिळेल. सोसायटीच्या बोर्डावर मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी असेल, फ्लॅट नंबर आणि रकमेसकट. या शहरात तुमच्या एका शीटची काय कथा, असा बेजबाबदार विचार मनात येईल. दाबून टाका.

घरी पोचल्यावर सल्ला घ्या. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाका, "यात घाबरण्यासारखं आहे का?" पॅन नंबरांवर फोनमधल्या हायलायटरने रेघ ओढा. ती अर्धपारदर्शक असते, ब्राइटनेस वाढवला की खालचं दिसतं. शीट एखाद्या चॅटबॉटला चिकटवून विचारलंत तर आणखी उत्तम. सकाळपर्यंत एका सचिनचे चाळीस होतील.

ज्या एका नंबरावर फोन करायचा नाही तो ऑफिसच्या आयकार्डामागे छापलेला असतो: सिक्युरिटी डेस्क. तिथला शुक्रवारच्या रात्रपाळीचा मुलगा असली प्रकरणं हाताळायलाच बसलेला असतो, आणि तो तुमचा सगळा शनिवार-रविवार पाच प्रश्नांत संपवेल. मेल किती वाजता गेला? कुणाला? फाईल जोडलेली की लिंक? किती जणांची आणि कोणती माहिती? पासवर्ड होता का? लिंक असेल तर तिथल्या तिथे बंद करता येते आणि कुणी उघडली होती तेही पुष्कळदा दिसतं. म्हणून नेहमी फाईलच जोडत जा. मग तो किंवा तुमचे साहेब सचिनला फोन करतील, पाठोपाठ तीन ओळींचा मेल: मेल चुकून आलाय, उघडू नका, पुढे पाठवू नका, इनबॉक्स आणि ट्रॅश दोन्हींतून काढा आणि काढल्याचं लेखी कळवा. अर्ध्या तासाचं काम.

बाहेर कळवायचं की नाही, हे ठरवणं तुमचं काम नव्हे, पण घड्याळ तुमच्यापासून सुरू होतं. सर्ट-इन, म्हणजे सायबर घटनांवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था, हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे डेटा लीकसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. डेटा कायद्याच्या नव्या नियमांत मंडळाला सविस्तर अहवाल द्यायला ७२ तास आहेत. शुक्रवारी पावणेसातला गप्प बसलात तर पहिली मुदत रात्री पाऊणला संपते, तुम्ही छताचा पंखा मोजत असता तेव्हा. सोमवारी सकाळी दहाला तोंड उघडलंत तर ७२ पैकी ६३ तास तुम्ही कंपनीच्या वतीने खर्च केलेले असतात. आणि ज्यांना निर्णय घ्यायचा त्यांना नऊ उरतात, त्यात जेवणाची सुट्टी.

मेलचं ॲप शुक्रवारी रात्रीच फोनवरून काढून टाका. नजरेआड झालं की चिंता निर्मळ राहते, तीत वस्तुस्थितीचा खडा येत नाही. सिद्धिविनायकाला मंगळवारी येतो म्हणून सांगून ठेवा.

सोमवारी लॅपटॉप उघडाल तेव्हा सचिनचा मेल दिसेल, शुक्रवारी ६.५२ चा: "सर, चुकून आलंय वाटतं. उघडलं नाही. डिलीट करू ना?" शनिवारी सकाळी अकराला दुसरा: "सर?" माणूस सरळ आहे, खुर्च्यांची बिलंही वेळेवर पाठवतो. रविवारी, उत्तर नाही म्हणून, त्याने तुमचा मूळ मेल फाईलसकट तुमच्याच कंपनीच्या ॲडमिनच्या ग्रुप आयडीवर फॉरवर्ड केला: "हे कोणाचं आहे कृपया बघावे." त्या आयडीवर चौदा जण आहेत.

आता सिक्युरिटीला कळवण्यावाचून गत्यंतर नाही. तिथेही घाई नको. 'रिप्लाय' केलं तर जोडलेली फाईल सोबत जात नाही, म्हणजे सगळी मजाच गेली. 'फॉरवर्ड' करा, फाईल आपोआप चिकटून जाते. पत्त्याच्या चौकटीत पहिली तीन अक्षरं टाका, पुढचं आउटलुक बघेल.