डिलीट फॉल्स लिहिलं, तरी डिलीट झालंच

परवा रात्री स्वतःच्या हाताने घरचे हजारेक फोटो उडवले. बॅकअप होता म्हणून ही पोस्ट चिडून लिहितोय, नाहीतर रडत लिहिली असती.

झालं असं की डुप्लिकेट फोटो शोधायला एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली होती. ती नुसतं फाइलचं नाव बघते, त्यामुळे दोन फोनमधले वेगळे फोटोही तिला जुळे वाटतात, हे मला माहीत होतं, म्हणून आधी फक्त यादी बघायची होती. उडवण्यासाठी --डिलीट असा ऑप्शन ठेवलेला आणि आर्गपार्समध्ये (कमांडसोबत लिहिलेले ऑप्शन वाचणारं पायथनचं मॉड्यूल) त्याचा टाइप दिला बूल, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स. हो-नाहीचाच प्रश्न आहे, मग बूलच देणार ना माणूस! टर्मिनलवर ऐटीत '--डिलीट फॉल्स' टाइप केलं, एंटर मारला, चहा टाकायला गेलो. परत येऊन बघतो तर ताईच्या लग्नाचा अर्धा फोल्डर साफ.

कारण कमांड लाइनवरून जे येतं ते सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणूनच येतं, आणि बूल एवढंच बघतो की स्ट्रिंग रिकामी आहे का. 'फॉल्स' हा शब्द रिकामा नाही, म्हणजे ट्रू. शून्य लिहा, 'नको रे बाबा' लिहा, तरी ट्रूच!

आता कोणी म्हणेल डॉक्युमेंटेशन वाच. वाचलं, नंतर. बूल असा वापरू नका असं तिथे चक्क लिहिलंय. पण माझं म्हणणं असं की हेच आर्गपार्स इंट, म्हणजे पूर्णांक, मागितल्यावर 'दहा' दिलं तर एरर देऊन एक्झिट कोड 2 ने (म्हणजे चूक झाल्याची खूण देऊन) बाहेर पडतं, मग इथेच मुकाट्याने मान का डोलावतं? टाइपला कुठलंही फंक्शन चालतं हे मान्य, तरी बूल दिसला की निदान ओरडायला काय जातं?

बरोबर पद्धत म्हणजे अ‍ॅक्शनला स्टोअर-ट्रू द्यायचं, ऑप्शन लिहिला तर हो, नाही लिहिला तर नाही, पुढे व्हॅल्यू द्यायची भानगडच नाही. पायथन 3.9 पासून बूलियन-ऑप्शनल-अ‍ॅक्शन पण आहे, त्यात --नो-डिलीट आपोआप मिळतं.

आणि अजून एक, अर्धवट नाव पण चालतं! दुसरा कुठला जुळणारा ऑप्शन नसेल तर नुसतं '--डेल' (इंग्रजी delete ची पहिली तीन अक्षरं) लिहिलं तरी ते --डिलीट धरलं जातं. रोजच्या वापरात सोय आहे, पण फाइल उडवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये असली सोय मला नको. 3.5 पासून अलाउ-अ‍ॅब्रेव्ह हे सेटिंग फॉल्स करून ते बंद करता येतं (आणि हो, तो फॉल्स कोडमधला, त्यामुळे खरंच फॉल्स असतो).

रिस्टोअर व्हायला रात्रीचे दोन वाजले. तेवढ्या वेळात स्क्रिप्ट सुधारली, आता उडवायच्या ऑप्शनचं नाव आहे --खरंच-उडव, आणि ते पूर्ण टाइप केल्याशिवाय एक फाइल हलत नाही.