दोन निबंध मागे घेतले, म्हणून हायड्राइड खोटे कसे?

हायड्राइड म्हणजे दुसऱ्या मूलद्रव्याशी जोडलेला हायड्रोजन, आणि अतिसंवाहकता म्हणजे विजेला होणारा रोध पूर्ण नाहीसा होणं. ‘हायड्राइडची अतिसंवाहकता हा सगळाच बनाव आहे’ असा मजकूर हल्ली सर्रास पुढे ढकलला जातो. पुरावा म्हणून सांगतात ते असं: शोधनिबंध मागे घ्यावे लागले, क्ष-किरणांना हायड्रोजन दिसतच नाही, आणि रोध शून्य झाला म्हणजे मोजणीची तार सुटली.

निबंध मागे घेतले हे खरं. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या रंगा डायस यांच्या गटाचा 2020 मधला निबंध 2022 मध्ये, आणि ल्युटेशियम या धातूच्या हायड्राइडवरचा 2023 चा त्याच वर्षी. पण ल्युटेशियमचा दावा तपासायला नमुना बनवून ‘यात अतिसंवाहकता नाही’ असं सांगणारे चीनमधल्या नानजिंगचे संशोधक याच क्षेत्रातले. आणि 2015 मध्ये जर्मनीतल्या माइन्झला ड्रोझडोव्ह, एरेमेट्स या संशोधकांनी गंधकाच्या हायड्राइडमध्ये 203 केल्विनला, म्हणजे उणे 70 अंशांना, अतिसंवाहकता दाखवली, त्या कामाचा या निबंधांशी काय संबंध?

दुसरा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, त्यामुळे क्ष-किरण त्याच्यावरून नीट विखुरत नाहीत, हे बरोबर. पण गंधक स्वच्छ दिसतो! माइन्झच्या प्रयोगात नमुना दोन हिऱ्यांमध्ये दाबला होता. हिऱ्याचं सपाट टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. अशा दोन टोकांमध्ये सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड (एच2एस) गोठवून भरला आणि वातावरणाच्या सुमारे 15 लाख पट दाबला. आत घातला होता एच2एस. 2016 मध्ये जपानच्या स्प्रिंग-8 या क्ष-किरण केंद्रात एकाच नमुन्याचा रोध आणि विवर्तन (अणूंवरून क्ष-किरण कसे विखुरतात ते) दोन्ही मोजले, तेव्हा गंधकाचे अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि मध्यभागी बसलेले निघाले, शेजारी मोकळा गंधकही सापडला. म्हणजे तीन एच2एस मोडून दोन एच3एस आणि एक गंधक झाला होता. हायड्रोजन किती, ते घनाच्या आकारमानावरून कळतं. तो नेमका कुठे बसला आहे ते मात्र गणितावरून ठरवलेलं आहे, आणि तेवढी शंका घ्यायला जागा आहे.

राहिली तार. सुटलेल्या तारेनेही शून्य दिसू शकतं, मान्य. पण लँथॅनम या धातूच्या हायड्राइडमध्ये साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घातला, तर संक्रमणाचं तापमान (ज्याखाली रोध नाहीसा होतो ते) 250 वरून 180 केल्विनच्या आसपास उतरतं. चुंबकीय क्षेत्र वाढवलं, तरी ते खाली सरकतं. सुटलेल्या तारेला अणूचं वजन कुठून कळणार?